लेवीयाचा पंचविसावा अध्याय

फिलाडेल्फिया शहरात तडा गेलेली एक जुनी घंटा जतन करून ठेवली आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत स्थायिक आहेत, आणि त्यांच्याकडे चार-सहा महिने राहून आलेल्या वडीलधाऱ्यांना जी स्थळे दाखविली जातात त्यांत ही घंटा बहुधा असतेच. पेनसिल्व्हेनिया प्रांताच्या विधिमंडळाने ती १७५१ साली लंडनहून मागविली. तिच्या वरच्या भागावर बायबलमधील एक वचन कोरलेले आहे. देशातील सर्व रहिवाशांना स्वातंत्र्य जाहीर करावे, असा त्याचा आशय. आणि वचनाचा ठावठिकाणाही तेथेच दिला आहे : लेवीय, अध्याय २५, वचन १०. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात गुलामगिरीच्या विरोधकांनी हे वचन हेरले आणि या घंटेला ‘स्वातंत्र्याची घंटा’ हे नाव दिले. तेच पुढे रूढ झाले.

घंटा पाहून परतलेला जिज्ञासू वाचक घरी येऊन बायबल उघडील आणि दहाव्या वचनावर न थांबता तसाच खाली वाचीत जाईल, तर चव्वेचाळिसाव्या वचनापाशी त्याला थबकावे लागेल. तेथे इस्राएल लोकांना सांगितले आहे की, दास-दासी हवे असतील तर भोवतालच्या राष्ट्रांतून विकत घ्यावेत. तुमच्यांत वस्ती करून राहिलेल्या परक्यांच्या मुलाबाळांतूनही घ्यावेत. ते तुमची मालमत्ता होतील आणि तुमच्या मागे तुमच्या मुलांना वारशाने मिळतील. अमेरिकेच्या दक्षिणेकडील मळेवाल्यांचे आणि त्यांच्या धर्मोपदेशकांचे हे अत्यंत आवडते वचन होते. स्वातंत्र्याच्या घंटेवरचे वचन आणि गुलामांच्या बाजाराला आधार म्हणून दिलेले वचन ही एकाच अध्यायातील, छापील पुस्तकात बहुधा एकाच पानावरची.

हा अध्याय आहे तरी कसा? आरंभी सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती देण्याची आज्ञा आहे. सात वेळा सात वर्षे भरली की पन्नासावे वर्ष योबेलाचे. त्या वर्षी कर्णा फुंकून मुक्तीची द्वाही फिरवावी, विकली गेलेली शेते मूळ कुळांकडे परत जावीत, दारिद्र्यापायी दुसऱ्याच्या घरी राबणारा इस्राएली आपल्या मुलाबाळांसह मोकळा व्हावा. जमीन कायमची विकू नये. ती देवाची आहे आणि तुम्ही तिच्यावर उपरे आहात. हलाखीत सापडलेल्या भावाकडून व्याज घेऊ नये. हे सर्व सांगून झाल्यावर परकीय दासांविषयीची ती तीन वचने येतात.

आता १८४० च्या सुमाराच्या व्हर्जिनियाकडे पाहावे. सातव्या वर्षीची विश्रांती धर्माज्ञा म्हणून तेथील जमिनीला कोणी देत नव्हते. खरेदीखते कायमची होत. बँका व्याजाने कर्ज देत आणि त्या कर्जाला तारण म्हणून शेतजमिनीबरोबर गुलामांची नावेही लिहून दिली जात. पन्नास वर्षांनी कोणी कोणाचे शेत परत केले नाही, कर्णाही वाजला नाही. एवढा मोठा अध्याय, पण त्यातली अक्षरशः पाळण्याजोगी म्हणून उरली ती चव्वेचाळीस ते सेहेचाळीस ही तीन वचने. बाकीच्यांविषयी विचारले तर उत्तर तयार असे : ती आज्ञा प्राचीन यहुद्यांपुरती होती.

या उत्तरात अगदीच तथ्य नव्हते असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. मोशेच्या नियमशास्त्राचे नैतिक, विधिविषयक आणि राज्यव्यवहारविषयक असे तीन भाग पाडण्याची पद्धत ख्रिस्ती पंडितांत फार जुनी आहे. थॉमस अक्वायनसने ती मांडली आणि सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टरच्या मतपत्रिकेने ती प्रॉटेस्टंटांतही मान्य केली. नैतिक भाग सर्वकाळ बंधनकारक, विधी ख्रिस्ताबरोबर संपले आणि राज्यव्यवहाराचे नियम त्या राष्ट्राबरोबर गेले, असा तो विचार. म्हणून योबेल पाळला नाही एवढ्यावरून कोणाला ढोंगी ठरविता येत नाही. परंतु परकीय दास विकत घेण्याचा नियम हाही राज्यव्यवहाराचाच होता. शेजारची वचने त्या राष्ट्राबरोबर गेली आणि हे एकटे मात्र अटलांटिक ओलांडून व्हर्जिनियात आले, याला कोणत्याही मतपत्रिकेचा आधार नव्हता.

त्याच व्हर्जिनियातील कल्पेपर परगण्यात थॉर्नटन स्ट्रिंगफेलो नावाचे एक बॅप्टिस्ट उपदेशक होते. ते स्वतः गुलामांचे मालक होते. १८४१ साली रिचमंडच्या एका धार्मिक वृत्तपत्रात त्यांनी गुलामगिरीविषयी शास्त्राची साक्ष काय आहे याची तपासणी प्रसिद्ध केली. तिच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या आणि १८६० साली गुलामगिरीच्या समर्थनार्थ निघालेल्या एका जाडजूड संग्रहातही ती छापली गेली. स्ट्रिंगफेलोंची मांडणी वाचताना एक गोष्ट कबूल करावी लागते : गृहस्थ आरडाओरडा करीत नाहीत. अब्राहामाजवळ विकत घेतलेले दास होते आणि तरी तो देवाचा मित्र म्हणविला गेला. मोशेच्या नियमशास्त्राने दास ठेवण्यास स्पष्ट अनुमती दिली. येशू ख्रिस्ताने अनेक पापांचा उच्चार केला, पण दास ठेवण्याला पाप म्हटले नाही. पौलाने दासांना धन्याची आज्ञा पाळण्यास सांगितले. ओनेसिम नावाच्या दासाला तर त्याने त्याच्या धन्याकडे, फिलेमोनाकडे, परत पाठविले. एकेक वचन पुढे ठेवून ते विचारतात, आता सांगा, पाप ते कोठे आहे?

अक्षराला चिकटून राहणाऱ्या या मंडळींनी अक्षराकडेच कशी पाठ फिरविली त्याचे ठळक उदाहरण मात्र उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात सापडते. नोहा द्राक्षारस पिऊन आपल्या डेऱ्यात उघडा पडला असता त्याचा पुत्र हाम याने ते पाहिले, आणि शुद्धीवर आल्यावर नोहाने शाप दिला. हाम हा आफ्रिकी लोकांचा पूर्वज, म्हणून काळ्या माणसांची गुलामी ही देवाने नेमून दिलेली, असा प्रचार दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या चालला. आता मूळ वाक्य पाहावे. त्यात हामाला शापच नाही. शाप आहे तो हामाचा मुलगा कनान याला. पुढच्याच अध्यायात हामाच्या चार मुलांची नावे येतात : कूश, मिस्राईम, पूट आणि कनान. पहिले तिघे आफ्रिकेच्या बाजूचे मानले जातात, कनान पॅलेस्टाइनचा. म्हणजे अक्षरशः वाचल्यास शाप ज्याला लागला तो आफ्रिकेत गेलाच नाही, आणि जे आफ्रिकेत गेले त्यांना शाप नाही. कातडीच्या रंगाचा तर त्या दोन्ही अध्यायांत उल्लेखही नाही. शब्दाचा काना-मात्रा न बदलण्याची शपथ घेतलेल्यांनी येथे बापाच्या जागी मुलगा आणि मुलाच्या जागी बाप करून घेतला.

गुलामगिरीच्या विरोधकांचे काम यामुळे सोपे होते असे कोणी समजू नये. त्यांतले बहुसंख्य लोक बायबल हेच देवाचे वचन मानणारे होते. मग त्या तीन वचनांचे करावयाचे काय? फिलाडेल्फियाचे प्रेस्बिटेरियन उपदेशक अल्बर्ट बार्न्स यांनी १८४६ साली एक मोठा ग्रंथ लिहून शब्दाच्या अर्थापासून सुरुवात केली. हिब्रूतील ‘एबेद’ हा शब्द चाकर, सेवक, राजाचा अधिकारी, दास अशा अनेक अर्थांनी येतो; तेव्हा जेथे जेथे तो आला तेथे तेथे मळ्यावरचा गुलामच समजावा असे नाही, हा त्यांचा मुद्दा. इंग्रजी भाषांतरकारांनी १६११ साली काही ठिकाणी बांधील दास म्हटले होते, तर पौलाच्या पत्रांत त्याच दर्जाच्या ग्रीक शब्दाला चाकर म्हणून सोडून दिले होते. गंमत अशी की लेवीयाच्या या पंचविसाव्या अध्यायाचा शेवटही याच शब्दाने होतो. शेवटच्या वचनात देव म्हणतो की इस्राएल लोक माझे दास आहेत. तेथेही मूळ शब्द ‘एबेद’च.

आम्हां मराठी वाचकांना ही अडचण चटकन उमजावी. आमच्या भाषेत ‘दास’ हा शब्द फार हळवा झालेला आहे. दासनवमी पाळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ‘दास’ म्हटले की समर्थ आठवतात. पाठीवर फटक्यांचे वळ घेऊन कापूस वेचणारा माणूस डोळ्यांपुढे येत नाही. मराठी बायबलातही हाच शब्द आहे, त्यामुळे ही वचने आमच्या कानाला इंग्रजीपेक्षाही सौम्य लागतात. पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री होत असे, तिच्या नोंदी दप्तरांत आहेत. त्यांनाही कागदाबाहेर ‘दासी’ म्हणण्याची रीत होती. आणि शब्दाच्या अर्थावरून शास्त्रार्थ लढविण्याचा प्रकार आमच्याकडे थोडाच अपरिचित आहे? पराशरस्मृतीत पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करण्याची अनुज्ञा देणारा श्लोक आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी आणि त्यांच्या मागोमाग विष्णुशास्त्री पंडितांनी तो अक्षरशः घ्या म्हटले, तेव्हा एरवी अक्षर न सोडणारे शास्त्रीच म्हणू लागले की, येथे ‘पती’ म्हणजे केवळ वाग्दान झालेला वर. १८७० साली पुण्यात यावर मोठा वाद झाला आणि सुधारकांच्या पदरी हार आली. त्या वादात ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता त्या विधवांना सभेत स्थान नव्हते. हे लक्षात ठेवून पुन्हा अमेरिकेकडे वळू.

१८४५ साली दोन बॅप्टिस्ट पंडितांचा एक पत्रव्यवहार पुस्तकरूपाने निघाला. एक उत्तरेतील ब्राउन विद्यापीठाचे अध्यक्ष फ्रान्सिस वेलंड, दुसरे दक्षिण कॅरोलिनातील रिचर्ड फुलर. दोघेही परस्परांना आदराने संबोधतात. फुलर सांगतात, देवाने ज्याला अनुमती दिली ते पाप कसे? वेलंड उत्तर देतात, अनुमती एका राष्ट्राला, एका काळात होती. आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करा ही आज्ञा एकदा पेरली गेली की ती गुलामगिरीला आतून पोखरल्याशिवाय राहणार नाही. आमच्या मते वेलंड यांचे म्हणणे खरे होते, पण ऐकणाऱ्या साध्या भाविकाला फुलर यांचे म्हणणे अधिक पटत असले पाहिजे. एकीकडे अध्याय-वचनांचे आकडे आणि दुसरीकडे ग्रंथाचा एकंदर आशय, असा सामना झाला की आकडे जिंकतात. अमेरिकी इतिहासकार मार्क नोल यांनी २००६ सालच्या आपल्या पुस्तकात या यादवी युद्धाला धर्मशास्त्रीय संकट म्हटले आहे ते याचसाठी. एकच ग्रंथ, तो प्रत्येक सामान्य माणसाला सरळ वाचून कळतो हा सर्वांचा विश्वास, आणि तरी निष्कर्ष दोन. निवाडा शेवटी तोफांनी केला.

तथापि आकड्यांचा हा डावदेखील दक्षिणेने पुरता खेळला नाही. मोशेच्याच नियमशास्त्रात असे तीन नियम आहेत की ते अक्षरशः लावले असते तर दक्षिणेतील गुलामगिरी एक वर्षही टिकली नसती. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात म्हटले आहे की, जो माणूस चोरून विकील, किंवा चोरलेला माणूस ज्याच्या ताब्यात सापडेल, त्याला देहान्त शिक्षा द्यावी. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेला प्रत्येक माणूस चोरलेलाच नव्हता काय? त्याच अध्यायात आहे की धन्याने मारहाण करून दासाचा डोळा फोडला, किंवा नुसता एक दात पाडला, तरी त्या दाताबद्दल त्याला मुक्त करावे. तिसरा नियम अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात : धन्यापासून पळून तुमच्याकडे आश्रयाला आलेल्या दासाला परत देऊ नका, त्याला आवडेल त्या गावी राहू द्या आणि त्याचा छळ करू नका.

पहिल्या नियमाचा इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळीच्या महासभेने १७९४ साली आपल्या प्रश्नोत्तरीत चोरीविषयक आज्ञेखाली एक टीप घातली. माणसे चोरणे ही चोरी तर होयच, आणि माणसांना गुलामीत आणणारे व तीत ठेवणारे सर्वजण त्या पापाचे वाटेकरी होत, असा तिचा रोख होता. व्हर्जिनियातील जॉर्ज बोर्न नावाच्या उपदेशकाने ती टीप अक्षरशः घेतली आणि गुलाम बाळगणाऱ्यांना ख्रिस्ती म्हणवून घेण्याचा अधिकार नाही असे तो उघड बोलू लागला. ग्रंथ आणि गुलामगिरी यांचा मेळ बसत नाही, या अर्थाच्या शीर्षकाचे त्याचे पुस्तक १८१६ साली निघाले. त्याच साली महासभेने ती टीप काढून टाकली. १८१८ साली त्याच महासभेने एक ठराव करून गुलामगिरी देवाच्या नियमाशी सर्वस्वी विसंगत असल्याचे जाहीर केले आणि त्याच अधिवेशनात बोर्न यांची उपदेशकपदावरून झालेली बडतर्फी कायम केली. ठराव कागदावर राहिला, उपदेशक घरी गेला.

तिसऱ्या नियमाची कसोटी १८५० साली लागली. पळून आलेल्या गुलामांना पकडून परत देण्यास उत्तरेतील नागरिकांनाही भाग पाडणारा कायदा त्या वर्षी झाला. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर डॅनियल वेबस्टर यांनी ७ मार्चच्या भाषणात दक्षिणेशी तडजोडीची बाजू घेतली आणि त्यांच्या प्रांतात खळबळ उडाली. त्यांच्या पाठिंब्यासाठी मोझेस स्टुअर्ट पुढे आले. स्टुअर्ट म्हणजे अँडोव्हरच्या धर्मविद्यालयातील हिब्रूचे ख्यातनाम अध्यापक; हिब्रू व्याकरणावरचे त्यांचे ग्रंथ अमेरिकेत आदर्श मानले जात. अनुवादातील ते वचन त्यांना पाठ असणारच. त्यांनी अर्थ लावला तो असा : पळून आलेला तो दास परराष्ट्रातील मूर्तिपूजक धन्याकडून आलेला समजावा, एका इस्राएली कुळातून दुसऱ्या कुळाकडे पळालेल्या दासाला हे वचन लागू नाही, आणि जॉर्जियाचा मळेवाला हा आपलाच ख्रिस्ती बांधव आहे. वचनात परराष्ट्र हा शब्द नाही. गुलामगिरी तत्त्वतः वाईट आहे असे मानणारा, सज्जन आणि विद्वान असा हा माणूस. पुस्तिकेला नाव दिले त्यात सदसद्विवेकबुद्धी आणि राज्यघटना हे दोन शब्द होते. आम्हांला स्ट्रिंगफेलोंपेक्षा स्टुअर्ट यांचे वाचन अधिक अस्वस्थ करते. स्ट्रिंगफेलोंचे घर गुलामांच्या श्रमावर चालत होते. स्टुअर्ट यांना राष्ट्र फुटू नये एवढेच हवे होते.

अँडोव्हर हे नाव मराठी मुलुखाला परके नाही. १८१३ साली मुंबईत उतरलेले पहिले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट तेथलेच विद्यार्थी. त्यांना पाठविणाऱ्या बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डापुढे १८४५ साली हाच प्रश्न उभा राहिला. चेरोकी आणि चोक्टॉ या आदिवासी जमातींतील बोर्डाच्या मंडळ्यांत गुलाम बाळगणारे सभासद होते. त्यांना काढावे की ठेवावे? बोर्डाने ठेवावे असा कौल दिला आणि नाराज झालेल्यांनी पुढच्या वर्षी वेगळी मिशनरी संस्था काढली. याच बोर्डाच्या अहमदनगरच्या मिशनने मंडळीत जातिभेद चालू देणार नाही अशी कडक भूमिका घेतली होती. मराठी ख्रिस्ती माणसाने पंक्तिभेद ताबडतोब सोडावा आणि चेरोकी ख्रिस्ती माणसाने गुलाम हळूहळू सोडले तरी चालावे, हे दोन्ही निर्णय एकाच कचेरीच्या कागदांत आहेत.

ज्यांच्याविषयी हा सारा खल चालला होता ते लोक काय वाचीत होते? बहुतेकांना वाचू दिलेच जात नव्हते. प्रत्येक मनुष्याने देवाचे वचन स्वतः वाचावे हा प्रॉटेस्टंट पंथाचा पाया. पण १८२९ ते १८३४ या पाच-सहा वर्षांत जॉर्जिया, उत्तर कॅरोलिना, व्हर्जिनिया, दक्षिण कॅरोलिना अशा राज्यांनी गुलामांना लिहाय-वाचावयास शिकविण्याविरुद्ध कायदे केले. त्याआधी १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीज बेटांवरील गुलामांसाठी बायबलमधील निवडक भागांचे एक पुस्तक छापले गेले होते. मिशनरी हेतूने काढलेल्या त्या पुस्तकात योसेफाची, म्हणजे गुलामीत जाऊनही धन्याशी इमान राखणाऱ्या तरुणाची, कथा ठेवली आहे. मोशेने आपल्या लोकांना मिसर देशातून सोडवून नेल्याची कथा गाळली आहे. ख्रिस्तात दास नाही की स्वतंत्र नाही, हे गलतीकरांस लिहिलेले वचन गाळले आहे. इफिसकरांस लिहिलेली, दासांनी धन्याची आज्ञा पाळण्याची सूचना ठेवली आहे. या पुस्तकाच्या फारच थोड्या प्रती शिल्लक आहेत. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाजवळची प्रत २०१८-१९ मध्ये वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयात लोकांना पाहावयास मिळाली. एका परीने ते पुस्तक प्रामाणिक म्हटले पाहिजे. इतरांनी जी पाने नजरेआड केली ती त्याने छापलीच नाहीत.

वाचता येत नसले तरी ऐकू येत होते. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मकथनात आपल्या धन्याची हकिकत दिली आहे. मेरीलँडमधील हे धनी, थॉमस ऑल्ड, १८३२ साली एका मेथडिस्ट मेळाव्यात भाविक झाले. गुलामांना वाटले, आता तरी हात आखडेल. पुढे एका अपंग तरुण बाईला बांधून फटके मारताना ते लूकच्या शुभवर्तमानातील, धन्याची इच्छा ठाऊक असून न वागणाऱ्या दासाला पुष्कळ फटके मिळतील, हे वचन म्हणत असत. ते वचन एका दाखल्यातले आहे, आणि त्या दाखल्यात आपल्या हाताखालच्यांना मारहाण करणाऱ्या कारभाऱ्यालाच कठोर शिक्षा सांगितली आहे. ती वाक्ये काहीच ओळी वर आहेत.

जॉर्जियातील चार्ल्स कोलकॉक जोन्स हे उपदेशक गुलामांना धर्मशिक्षण देण्यासाठी प्रसिद्ध होते. १८३३ साली त्यांनी ओनेसिमाची कथा घेऊन पळून जाणे हे पाप आहे असे प्रवचन केले. पुढे काय घडले ते त्यांनी स्वतःच आपल्या अहवालात नोंदवून ठेवले आहे. अर्धे श्रोते उठून चालते झाले. राहिलेल्यांपैकी कोणी म्हणाले, असे पत्र बायबलात नाहीच. कोणी म्हणाले, असेल, पण ते शुभवर्तमान नव्हे. कोणी म्हणाले, तुम्ही धन्यांना खूश करण्यासाठी बोलता. पत्र बायबलात होते. पण त्याच पत्रात पौलाने फिलेमोनाला कळविले आहे की, याला आता दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून घरात घे. हे वाक्य त्या श्रोत्यांच्या कानांवर आले नसेल. तरी ते असले पाहिजे हे त्यांनी ओळखले होते असे आम्हांस वाटते.

मंडळ्या फुटल्या. मेथडिस्ट १८४४ साली जॉर्जियाच्या बिशप अँड्र्यू यांच्या घरातील गुलामांवरून वेगळे झाले, बॅप्टिस्टांनी १८४५ साली ऑगस्टा येथे दक्षिणेची स्वतंत्र परिषद स्थापिली, दक्षिणेतील जुने प्रेस्बिटेरियन १८६१ साली निघाले. मेथडिस्ट १९३९ साली एकत्र आले, प्रेस्बिटेरियन १९८३ साली. दक्षिणेच्या बॅप्टिस्ट परिषदेने १९९५ साली ठराव करून गुलामगिरीला दिलेल्या पाठिंब्याबद्दल क्षमा मागितली. युद्ध १८६५ मध्येच संपले होते. त्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सत्पुरुषांना अर्पण केले. ग्रंथाच्या नावाने माणसाला खाली ठेवण्याचा व्यवहार दोन्हीकडे एकाच जातीचा आहे, हे पुण्यात बसून त्यांना दिसले होते.

१९३५-३६ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे एक छोटे शिष्टमंडळ हिंदुस्थान आणि श्रीलंकेत आले. त्याचे प्रमुख हॉवर्ड थर्मन, एक धर्मोपदेशक. कोलंबोत भाषणानंतर एका कायद्याच्या अभ्यासकाने त्यांना बाजूला घेऊन विचारले की, तुमच्या पूर्वजांना पकडून नेणारे ख्रिस्ती, विकत घेणारे ख्रिस्ती, एका गुलामवाहू जहाजाचे तर नावच येशूचे; मग तुम्ही ख्रिस्ती कसे? फेब्रुवारी १९३६ मध्ये बारडोलीला गांधीजींच्या भेटीतही अशाच अर्थाचा प्रश्न निघाला : गुलामांनी धन्यांचाच धर्म का पत्करला? थर्मन यांनी त्याचे उत्तर १९४९ साली एका लहानशा पुस्तकात लिहिले, आणि त्यात आपल्या आजीची एक आठवण दिली.

नॅन्सी अँब्रोज हे आजीचे नाव. तिचा जन्म गुलामीतला, फ्लॉरिडातील मळ्यावरचा. तिला अखेरपर्यंत लिहिता-वाचता आले नाही, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा बायबल वाचून दाखविण्याचे काम नातवाकडे असे. काय वाचावयाचे ते आजी सांगे. स्तोत्रे चालत, यशयाचा काही भाग चाले, शुभवर्तमाने तर पुनःपुन्हा. पौलाची पत्रे मात्र तिने कधी उघडू दिली नाहीत. त्याला अपवाद एकच : क्वचित कधी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला तेरावा अध्याय, प्रीतीविषयीचा. कारण विचारण्याचे धैर्य नातवाला महाविद्यालयात जाऊन काही वर्षे झाल्यावर, सुटीत घरी आला असताना आले. तेव्हा तिने सांगितले : मालक काळ्या उपदेशकाला आमच्यापुढे बोलू देत नसे. त्याचा स्वतःचा गोरा उपदेशक येई आणि वर्षातून तीन-चार वेळा तरी पौलाचे तेच वचन घेऊन आम्हांला सांगे की, ख्रिस्ताची पाळावी तशी धन्याची आज्ञा पाळा. तेव्हा मी मनाशी ठरविले की कधी वाचावयास शिकले आणि कधी मुक्त झाले, तर बायबलाचा तेवढा भाग वाचावयाचा नाही.

मुक्ती मिळाली, वाचावयास काही तिला शिकता आले नाही. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकतानाही तिने तो निश्चय पाळला.